चावरी

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं लोक म्हणतात आणि विसरून जातात. मी तेवढं एक वाक्य म्हणून नाव कमावलं. चिंचवड स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षं पाळणाघर चालवलं, आणि मूल पुढं कसं निघणार हे मावशी बरोबर सांगते अशी माझी ख्याती होती. सहा महिन्यांचं पोर जसं असतं तसंच ते साठाव्या वर्षी असतं, मधे फक्त दात येतात आणि पडतात, असं मी छातीठोकपणे सांगायचे. आज कुणी तो विषय काढला की मी उठून गॅसवर काहीतरी ढवळायला जाते.

माझ्याकडची पोरं बहुतेक कंपनीतल्या आयांची. कुणी भोसरीला पॅकिंगमध्ये, कुणी चाकणला वायरिंगच्या लाइनवर. सकाळची शिफ्ट सातची, म्हणून सहाच्या आधी दार वाजायचं. पोर झोपेतच दुपट्यासकट माझ्या हातात यायचं आणि आई चौकातल्या बसकडे पळायची. चारला परत. आल्या आल्या पोराचा मुका घेईल तर शपथ. आधी झबलं वर करून पाठ बघायची, मग दंड, मग मांड्या. कुठं ओरखडा आहे का, कुठं वळ आहे का. दिवसभर कंपनीत माल तपासायचा, तीच नजर पोरावर. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. अगं, मी काय कसाई आहे का? मग कळलं की दहा तास पोर डोळ्यांआड असलं की आई असंच बघणार.

तीन वर्षांचं झालं की मूल बालवाडीत जायचं. त्या दिवशी आई पेढे घेऊन यायची, मी पोराच्या ओंजळीत गूळ-फुटाणे घालायचे, आणि मग आई पदर सावरून विचारायची, "मावशी, कसं निघेल हो हे?" ही रीत कुणी पाडली माहीत नाही, पण पडली. मी लगेच उत्तर द्यायचे नाही. पोराकडे जरा बघायचे, मग सांगायचे. हा हिशोबी निघेल. ही कुणाचं ऐकणार नाही, पण घर धरून ठेवेल. सटवाईनं पाचवीच्या रात्री कपाळावर लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, आमच्या मावशीला येतं, असं त्या एकमेकींत बोलायच्या. मी ऐकायचे आणि फुगायचे. खोटं कशाला सांगू?

आणि खरंही व्हायचं, हीच तर गंमत. एक पोरगा रांगायला लागल्यापासून दारातल्या चपला जोडीनं लावायचा. तो परवा भाजी मंडईत भेटला, कुठल्याशा गोदामात स्टोअर सांभाळतो. एक मुलगी झोळीतून उतरवली की उंबऱ्याकडेच धावायची. ती लग्न होऊन कुठल्या कुठं, दुबईला. अशी पोरं रस्त्यात दिसली की मी मनात टिचकी वाजवायचे, बघ, म्हटलं होतं ना. आता टिचकी वाजत नाही. आता वाटतं, मी बघून सांगितलं होतं, की मी सांगितलं म्हणून घरच्यांनी तसं वाढवलं? चपला लावणाऱ्या पोराला आईनं उठता-बसता 'आमचा हिशोबी' म्हटलं असेल. तो दुसरं काय होणार होता?

पण हे शहाणपण मला फुकट सुचलेलं नाही. किंमत एका मुलीनं मोजली. त्याची गोष्ट सांगते.

पाळणाघर मी सुरू केलं तेच माझ्या लेकाच्या पायी. त्याला सोडून कामाला जाववेना, मग म्हटलं, आणखी चार सांभाळू. तो दीड वर्षाचा झाला आणि चावायला लागला. आधी माझ्या खांद्याला, मग झोळीच्या कापडाला, मग पोरांना. दोनदा मी निभावून नेलं. रांगताना पाटाची कड लागली, म्हणून सांगितलं. दोन्ही आयांनी मान हलवली, माझ्यावर विश्वास होता. त्या आधीच, कुणाचंही मूल ठेवून घेताना मी एक अट घालायचे की चावणारं मूल मी ठेवत नाही, आधीच सांगते, मागाहून तोंड वाकडं करायचं नाही. त्या अटीवर एका पोराला मी काढूनही टाकलं होतं. मोठ्या तोऱ्यात.

त्या वर्षी आमच्या यजमानांची कंपनी बंद पडल्यातच जमा होती. कामगारांना ब्रेक दिलेला, माणूस दिवसभर घरी बसून छताकडे बघायचा. घर चालत होतं ते पाळणाघरावर. हे सबब म्हणून सांगत नाही. पण ते तसं होतं.

उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ. मी ओट्याशी नाचणीची खीर ढवळत होते. मागं किंकाळी उठली. गावठाणातल्या एका घरचा आठ महिन्यांचा मुलगा, त्याच्या गालातून रक्त येत होतं. त्याच्याजवळ दोन मुलं होती. एक माझा लेक. दुसरी लातूरकडच्या एका बाईची मुलगी, लेकाच्याच वयाची, पावणेदोन वर्षांची. तिनं बाळाचा पाय धरला होता आणि त्याच्या रडण्यानं घाबरून तीही रडत होती. माझा लेक रडत नव्हता. तो स्वस्थ बसला होता आणि त्याचे ओठ ओले लाल होते.

आता ऐका, मी आधी काय केलं. गाल फाटलेल्या बाळाला उचललं नाही. पदरानं माझ्या लेकाचं तोंड पुसलं. मग बाळाला घेतलं.

गालावरचा व्रण मी नीट बघितला. माझ्या लेकाच्या वरच्या दोन दातांत तांदळाचा दाणा बसेल एवढी फट होती. व्रणातही ती फट होती. त्या मुलीचे दात एकाला एक लागून होते. याच्यापेक्षा स्वच्छ पुरावा मी जन्मात बघितलेला नाही. मी त्यावर हळद दाबली.

चारला बाळाची आई आली, आणि नेमका त्या दिवशी बापही आला. जुन्या घरचा माणूस, आवाज चढा. "मावशी, आमच्या पोराचा गाल फाडलाय. पाटाची कड बिड आमाला सांगू नगा. हे दात हायेत. कुणी केलं?" दारात आणखी तीन आया उभ्या, आपापल्या पोराची झबली वर करून. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझं बोट वर गेलं. ते मी उचललं असंही मला म्हणवत नाही, पण माझंच होतं. "ही," मी म्हटलं.

ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलता येत नव्हतं, आई आणि पाणी एवढे दोन शब्द. तिनं माझ्या बोटाकडे बघितलं. पोरं बोटाकडे बघतात, बोट कशाकडे आहे हे त्यांना कळत नाही. तिनं आपलं बोट वर करून माझ्याकडे केलं, तिला तो खेळ वाटला असणार. ते बोट अजून माझ्याकडे आहे. भात परतताना, दळण टाकायला जाताना, देवापुढे हात जोडले की, मधेच ती भिंतीला टेकून बसलेली दिसते. बावीस वर्षं झाली.

तिची आई शेवटी आली. सुकलेली बाई, चाकणहून दोन बस बदलून यायची. सांगितलं तेव्हा ती आधी हसली. "माझी? माझं लेकरू चावायलंय? घरी तर कधी चावली नाही ओ मावशी."

"घरी कुणाला चावेल?" मी म्हटलं. "घरी दुसरं मूल आहे का?"

कसं सुचलं हो मला ते! इतकं चोख उत्तर. मी आणखी वर म्हटलं, "स्वभावच असतो एकेकाचा. जित्याची खोड आहे." पावणेदोन वर्षांच्या पोरीला.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन आली तेव्हा मुलीचे ओठ सुजले होते. चाळीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, तोंडाला मिरची लावली की चावणं सुटतं. रात्रभर झोपली नाही म्हणाली. मी मुलीला आत घेतलं, ओठांना तूप लावलं, आणि आठ दिवस बघू म्हणाले, उपकार केल्यासारखी. तेवढ्या आठ दिवसांत माझा लेक आणखी एका मुलाला चावला. मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. त्या मुलाची आईच म्हणाली, "ती चावरीच ना?"

झालं. त्या पट्ट्यात पाळणाघरं चार, आणि सगळ्यांत बातमी पोचली. कुणी तिला घेईना. आईनं दोन दिवसांची रजा टाकली आणि पोर लातूरकडे आजीजवळ नेऊन ठेवायचं ठरवलं. जायच्या आधी ती माझ्याकडे आली, आणि पेढे घेऊन आली! सगळ्यांचा निरोप होतो, तिचाही व्हायला पाहिजे, असं तिला वाटलं असेल. मी त्या पोरीच्या ओंजळीत गूळ-फुटाणे घातले. आईनं विचारलं, "मावशी, मोठी झाल्यावर सुधरंल का ओ?"

त्या वेळी तरी मी गप्प बसायचं. पण दारात दुसऱ्या आया होत्या, आणि मी मावशी होते. "स्वभावाला औषध नसतं गं," मी म्हटलं. "लक्ष ठेव."

लेक अडीच वर्षांचा झाला, घडाघडा बोलायला लागला, आणि चावणं आपोआप थांबलं. पुढं काही वर्षांनी त्याच्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा उगाच विषय काढला. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, बोलता येत नाही म्हणून चावतात, बोलता आलं की सोडतात, स्वभाव कसला डोंबलाचा त्यात. मी खोकल्याचं औषध तिथंच विसरून आले.

तेव्हापासून निरोपाला काही सांगणं मी सोडून दिलं. आया विचारायच्या, मी म्हणायचे, चांगलं निघेल. हिरमुसायच्या बिचाऱ्या. मावशीचं आता लक्ष नाही, असं म्हणायला लागल्या.

लेकाचं मात्र मी सांगत राहिले. गाय आहे गाय, कुणाला शब्दानं दुखवत नाही, असं मी शंभर जणांना सांगितलं असेल, त्याच्या देखत. तो तसाच झाला. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. साहेब खूश, शेजारी खूश, लग्नासाठी जो बायोडाटा केलाय त्यात पहिलंच, 'शांत व मनमिळाऊ'. आता यावर मी समाधानानं मरायला हरकत नव्हती. पण त्याच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला व्रण असतात. जुने, नवे. दहावीत नापास होता होता वाचला तेव्हा पहिल्यांदा दिसले. मग गाडीला कुणी धडक दिली, हा त्या माणसाला "असू द्या भाऊ" म्हणून घरी आला आणि बाथरूममध्ये गेला, तेव्हा. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. मी एकदाच विचारलं, हे काय रे? म्हणाला, "मशीनला लागलं, आई." पाटाची कड लागली, तसंच. मी मान हलवली.

म्हणजे स्वभाव गेला नाही, असं धरायचं? की मी त्याला 'गाय, गाय' म्हणून दावणीला बांधलं, आणि मग बिचाऱ्याला चावायला स्वतःचा हात तेवढा उरला? मला काही कळत नाही. ज्या बाईला सगळं कळायचं तिला आता पोटच्या पोराचं कळत नाही.

गेल्या महिन्यात, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. गुरुवार म्हणजे कंपन्यांना सुट्टी, लेक घरीच होता. दारात एक मुलगी, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. चांगली उंच, केस तेल लावून घट्ट बांधलेले. "तुम्ही पाळणाघरवाल्या मावशी ना? कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं पत्ता दिला." म्हटलं, बाई गं, पाळणाघर बंद करून जमाना झाला. तर म्हणाली, "ते माहितंय मला. मी तुमच्याकडं होते लहानपणी. मी ती चावरी."

ती असं हसत हसत म्हणाली, आपलं नाव सांगावं तसं. आणि मी तिला ओळखलं नव्हतं. जी रोज माझ्या भिंतीला टेकून बसते, ती दारात आली तर मी तिला दुसरंच कुणी समजून परत पाठवत होते.

आत घेतलं. पाणी दिलं, चहा टाकला. लेकानं बाळाला घेतलं, त्याला पोरांची हौस आहे, गॅलरीत कबुतरं दाखवायला घेऊन गेला. ती बोलत होती. महाळुंग्याला खोली घेऊन राहतात, नवरा कंपनीत, तीही बाळ होईपर्यंत लाइनवर होती. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आजी त्याच्या आधी. मी हूं हूं करत होते आणि माझ्या कानांत नुसता सूं आवाज येत होता.

गॅलरीतून लेक हसून ओरडला, "अगं आई गं! चावली की ही!"

ती मुलगी अशी उठली की कप आडवा झाला. धावत जाऊन तिनं बाळ ओढून घेतलं, त्याचे दोन्ही गाल बोटांनी दाबून तोंड उघडलं आणि म्हणाली, "सॉरी दादा, सॉरी, रक्त आलं का? सॉरी." लेक म्हणाला, अहो काही नाही, दात तरी किती आहेत तिला. पण तिनं बाळाचे गाल सोडले नव्हते.

मग सगळं बाहेर आलं. पुन्हा कामावर जायचं म्हणून तिनं बाळाला महाळुंग्याच्या पाळणाघरात ठेवलं होतं. आठ दिवसांत तिथल्या बाईनं सांगितलं, तुमची मुलगी चावते, घेऊन जा. सासू म्हणाली, आईवर गेलीय. सासू उद्या येणार होती, बाळाला गावी घेऊन जायला. कपडे भरून झाले होते.

"माझी आई सांगायची," ती म्हणाली, "चिंचवडच्या मावशीनं आधीच सांगितलं होतं, आणि मावशीचं कधी खोटं झालं नाही. म्हणून आले. तुम्ही हिला बघा. हिचं सुटंल का? सुटणार असंल तर मी हिला पाठवत नाही. नसंल सुटणार तर..." तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि पदर सावरला.

बाळानं माझ्या बांगडीला हात घातला. मऊ, जड, दुधाच्या वासाचं पोर. मला वाटलं, वा, सुटलीस बाई तू, देवानं सोपी वाट दिली. एवढंच म्हणायचं की सुटेल. कुणाला काही सांगायला नको.

"सुटेल गं," मी म्हटलं. "सगळीच पोरं चावतात. बोलायला लागली की सुटतं."

"माझं नाही सुटलं," ती म्हणाली.

"काय?"

"मी आठवी-नववीपर्यंत चावायचे, मावशी. गावात सगळ्यांना माहीत होतं ना. पोरं माझ्या तोंडापुढं हात धरायची, चाव म्हणायची. आधी मी नुसती बघत राहायचे. मग चावायला लागले. एकदा मामाच्या मुलीचा असा तुकडा काढला. आई वर्षातून दोनदा यायची, आणि आल्या आल्या आजीला विचारायची, चावते का अजून? मला जवळ घेण्याच्या आधी." तिनं बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "माझं सुटलं नाही, मग हिचं कसं सुटंल? तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणायलाव."

म्हणजे माझी सोपी वाट तिनंच बुजवली. मी एकदा बोलले आणि तिनं तिचं सगळं आयुष्य खर्चून ते खरं करून दाखवलं होतं, आणि आता तोच पुरावा माझ्यापुढे ठेवत होती. लेक गॅलरीच्या दारात उभा होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली. त्याला आत जा म्हणावं असं फार वाटलं. म्हटलं नाही.

"तू चावली नव्हतीस," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग सांगितलं सगळं. खीर, किंकाळी, गालावरची फट, पदरानं पुसलेलं तोंड. कोणाचं तोंड, तेही सांगितलं. सांगताना मी बाळाकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठं बघायची सोय नव्हती. "माझ्या लेकाला वाचवायला मी तुझ्याकडे बोट केलं. तू काहीही केलं नव्हतंस. आणि मला तेव्हाही माहीत होतं."

खालून भंगारवाल्याची हाळी आली आणि गेली. लेक पुढं आला. चोवीस वर्षांचा बाप्या तो. "सॉरी, ताई," म्हणाला, आणि डाव्या हाताची बाही खाली ओढत राहिला.

ती त्याच्यावर चिडली नाही. माझ्यावरही नाही, आणि चिडली असती तर मला श्वास तरी घेता आला असता. ती म्हणाली, "आईनं माझ्या तोंडाला मिरची लावली होती. मरायच्या आधी दवाखान्यात माझा हात धरून रडायची. म्हणायची, लावायला नको होती गं मी, पण तू चावायचीसच." तिनं डोळे पुसले. "तिला कळायला पाहिजे होतं, मावशी. दोन वर्षं आधी आले असते तर."

मी म्हटलं, "मी यायला पाहिजे होतं गं. तू नाही." ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग तिनं पर्समधून फोन काढला. सासूला लावला. "आई, उद्या नका येऊ. नाही, बरी आहे. पोरगी कुठं जाणार नाही. माझ्याजवळ राहील. काम मी बघते पुढचं पुढं. नाही म्हटलं ना." पलीकडून बराच आवाज येत होता. तिनं फोन ठेवला आणि माझ्या मांडीवरून बाळ उचललं. बाळानं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं, चावलं असावं, कारण तिचा खांदा जरा हलला. तिनं त्याचे गाल दाबले नाहीत.

दारापर्यंत मी गेले. ती चप्पल घालता घालता थांबली.

"मग मी कशी होते, मावशी?"

"म्हणजे?"

"त्याच्या आधी. चावरी नव्हते, तर मग कशी होते? तुम्ही सगळ्यांचं सांगायचा ना. माझं दुसरं कुणी सांगायला राहिलं नाही."

मी आठवून बघितलं. वर्षभर ती माझ्या घरात होती, रोज दहा तास. झोपताना काय धरायची? कुठल्या घासाला मान फिरवायची? कडेवर घेतलं की डोकं कुठल्या खांद्यावर टाकायची? बाकीच्या एकेका पोराचं मला सगळं येतं, झोपेतून उठवून विचारा. हिच्या वेळचा फक्त तो एक दिवस होता. बावीस वर्षं मी त्या एका दिवसाकडे बघत बसले, आणि त्याच्या आधीची पोर माझ्याकडून कधी पुसली गेली ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

ती वाट बघत होती.

"हसरी होतीस," मी म्हटलं. "कुणाकडेही जायचीस. फार हसरी होतीस तू."

"खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिच्याकडे बघवेना. जिना उतरताना ती बाळाला सांगत होती, "ऐकलंस का? मम्मी हसरी होती. मावशी म्हणाली, हसरी होती." खालच्या मजल्यावरून ऐकू आलं, मग फाटकातून. मला तिचं एकदाही हसलेलं आठवत नाही.